शेपट्या पाहाव्यात

दोहा, शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

विभावरी,

आशीर्वाद. ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे, ते तू ठरव.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. ऑगस्टमध्ये तुझी राखी मिळाली. पाकिटावर प्रेषक म्हणून ‘पशुधन विकास अधिकारी, गट-अ’ असा गोल शिक्का, तोही अर्धाच उमटलेला. आत राखी. चिठ्ठी नाही, अक्षता नाहीत, ‘दादा’ हे दोन अक्षरांचं संबोधनही नाही. गेली चार वर्षं हेच चाललं आहे. भावाला राखी पाठवताना बहिणीने कार्यालयाचा शिक्का मारावा, याला धर्मशास्त्रात आधार सापडत नाही, मी शोधला. आमच्या कंपनीत मी दस्तऐवज नियंत्रक आहे, म्हणजे लोकांनी केलेले कागद लोकांना परत करण्याचा पगार घेतो. त्या नात्याने सांगतो, अर्ध्या शिक्क्याचा कागद मी दुरुस्तीसाठी परत पाठवला असता. राखी बांधली, हा माझा दुबळेपणा.

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. पोस्टखात्यात ती सोय अजून आलेली नाही, म्हणून हे कागदावर. आमच्या ऑफिसातला वसईचा हॅरी उद्या सुट्टीवर जातोय, तो तिथून स्पीड पोस्ट करील.

आता तू म्हणशील, चार वर्षांनी दादाला पत्र सुचलं म्हणजे काम काढलं असणार. काढलं आहे. पण हा वशिला नाही. वशिला कसा असतो ते माझ्यामुळे तुला नीट ठाऊक आहे. मी एकाला फोन केला, त्याने दुसऱ्याला केला, आणि नाशिकला बदलीचा आदेश हातात पडल्यावर तुला कळलं की आपल्याला बदली हवी होती. तू बदली रद्द करून घेतलीस, पाठोपाठ मलाही रद्द केलंस. तेव्हा या वेळी मी कुणालाही फोन केलेला नाही. तुझ्याच सहीच्या एका कागदाबद्दल तुलाच लिहितो आहे.

आमच्या मालकांचे वडील अबू नासेर यांचा शहानियाच्या पुढे वाळवंटात इज्बा आहे. इज्बा म्हणजे तारेचं कुंपण, पत्र्याच्या शेडी, पाण्याची टाकी, भरपूर मेंढ्या, थोडे उंट आणि शुक्रवारी कहवा पीत बसायला एक तंबू. इथे सरकार जनावरांच्या कानातले बिल्ले बघून स्वस्तात चारा देतं. ते बिल्ल्यांचे कागद सांभाळायला मी जातो. पाठशाळेत न्यायशास्त्राची घोकंपट्टी केलेला मनुष्य वेस्ट बेच्या काचेच्या इमारतीतून उठून मेंढ्यांचे कान तपासायला जातो, हे तुला दिवसभर हसायला पुरावं.

तिथला मेंढपाळ जालिंदर तुझ्याच तालुक्यातला आहे. धनगर. घरचा कळप मोडायला लागू नये म्हणून दुसऱ्याचा कळप राखायला समुद्रापार आला. त्याचं तर्कशास्त्र आपल्या घराण्यातलं वाटतं.

सप्टेंबरच्या पुरात त्याचा कळप गेला. बायको हौसाबाई वाचली. मदतीसाठी पथक पाहणीला आलं. कळप जालिंदरच्या नावावर, म्हणून त्यांनी त्याला व्हिडिओ कॉल लावला. इथपर्यंत सगळं रीतसर. पण इज्ब्यावर रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी, आणि फोन आला तेव्हा अबू नासेरांच्या मेंढ्या पाण्यावर आल्या होत्या. पथकाने पाहिलं: जालिंदर उभा आहे आणि त्याच्या मागे, पुढे, दोन्ही बाजूंना मेंढ्याच मेंढ्या. तो बोलणार तेवढ्यात फोन कटला. पथकाने फोटो काढून घेतला होता. त्याखाली शेरा असा: ‘अर्जदार व्हिडिओ कॉलवर मेंढ्यांसह सुस्थितीत दिसून आला. नुकसान आढळून येत नाही.’ खाली तिघांच्या सह्या, शेजारी तुझी प्रतिस्वाक्षरी. हौसाबाईंच्या पुतण्याने त्या कागदाचा फोटो पाठवला, म्हणून मला कळलं.

मी दोष देत नाही. त्या दिवसांत तुझ्यापुढे कागदांचा केवढा ढीग आला असेल, याचा मला अंदाज आहे. काही वेळाने डोळे वाचायचं सोडतात, हात तेवढा सही करत राहतो. माझं एवढंच म्हणणं, की तो फोटो फायलीतून पुन्हा बाहेर काढ आणि शेपट्या पाहा. या दुंबा जातीच्या मेंढ्या आहेत. एकेकीच्या मागे उशी बांधल्यासारखी चरबीची शेपूट. सीना नदीच्या काठी अशी मेंढी पाहिली असशील तर माझं पत्र चुलीत घाल.

पाठशाळेत आम्हाला अजागलस्तनन्याय शिकवत. शेळीच्या गळ्याला जे लोंबतात ते दिसायला सड, पण पिळले तर थेंबही नाही. जालिंदरच्या मागच्या मेंढ्या त्याला तशाच. दिसतात त्याच्या, आहेत अबू नासेरांच्या.

साक्षीदार हवा असेल तर तोही आहे. पुराच्या रात्री कळप नदीकाठी विजयकुमार नावाच्या शेतकऱ्याच्या रानात बसवला होता. तुमच्याकडची रीत तुला मी काय सांगू: मेंढरांनी रात्री रानात बसायचं, रानाला खत मिळतं, धनगराला धान्य.

घाई आहे ती याची. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. मुकादम हौसाबाईंच्या दारात येऊन गेला आहे. मदत मिळाली तर ती चार मेंढ्या घेऊन कळप पुन्हा उभा करील. नाही तर मुकादमाकडून उचल घेईल आणि पोरीला घेऊन फडावर जाईल. एकदा कोयता हातात आला की मेंढरं परत येत नाहीत, असं जालिंदर म्हणतो.

मी ठीक आहे. रक्तदाबाची गोळी अर्धीची पूर्ण झाली, एवढीच बढती.

गिरीश


दोहा, शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५

विभावरी,

तुझं उत्तर मिळालं. मला नव्हे, हौसाबाईंना. ‘प्रकरणी फेरपंचनामा करण्यात येईल. कळप बसविलेल्या शेताच्या मालकाचा जबाब घेण्यात येईल.’ वाक्यरचना निर्दोष आहे, कर्ता कुठेच नाही. पण कर्ता कोण ते ओळखून मी भाऊबीज एकट्याने साजरी केली. मर्सीने, म्हणजे हॅरीच्या बायकोने, वसईचे गोड वडे आणून दिले होते. ओवाळून घ्यायला तेवढं कुणी नव्हतं.

त्या आनंदात आज इज्ब्यावर गेलो. वाटलं, जालिंदर खूश असेल. तो टाकीला पाठ लावून बसला होता. मला बघून उठला नाही, हे पहिल्यांदाच.

“सायेब, विजूभाऊचं नाव कशाला घातलं कागदात?”

म्हटलं, “अरे, तूच सांगितलंस ना की कळप त्याच्या रानात होता? मी खरं तेच लिहिलं.”

“खरं हाय म्हनूनच तर इचारतोय.”

मग त्याने जे सांगितलं ते न्यायशास्त्रात नव्हतं. विजयकुमारनेही मदतीचा अर्ज केला आहे. त्याने लिहून दिलंय, उभं सोयाबीन वाहून गेलं. वरच्या तुकड्यातलं गेलंच, त्यात खोटं नाही. पण नदीकाठचा तुकडा मूग काढून मोकळा होता. सगळ्यांनी सगळं रान लिहिलं, त्यानेही लिहिलं.

“आता तुमीच सांगा,” जालिंदर म्हणाला, “उभ्या सोयाबीनात कोन मेंढरं बसवून घील? म्या जिंकलो की त्यो बुडला.”

“मग त्याने खोटं लिहायचं नव्हतं.”

“तुमी हापिसात बसून म्हनताय ते बरूबर हाय.” तो कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. “त्या राती हौसा पान्यात व्हती. बाभळीला धरून. दोर कुनी टाकला? विजूभाऊनं. गळ्याइतक्या पान्यात शिरून टाकला. आन् म्या त्याला हापिसात उभा करू? मला न्हाय पायजे मदत. टाका कागद फाडून.”

“आणि ऊसतोड?”

“जातील तोडायला. लोकं जात्यातच की.”

हे त्याने अगदी सरळ आवाजात म्हटलं. मी टाकीच्या नळाला हात धुतले. ते स्वच्छ होते.

अबू नासेर तंबूत बसून आमचं ऐकत होते. त्यांना मराठी येत नाही, पण मेंढपाळ कधी जेवलेला नाही ते कळतं. त्यांनी विचारलं, मी त्यांच्या हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, “तुम्हारा सिस्टर गवर्मेंट में है? तो टेलिफोन करो. खलास.” मी म्हटलं, बाबा, आमच्या घरात उलटं आहे. बहीण सरकारात आहे म्हणूनच टेलिफोन करता येत नाही. यावर त्यांनी मला कहवा दिला. आजारी माणसाला देतात तसा.

तर विभा, मी तुला साक्षीदार दिला, आणि आता सांगतोय की तो विसर. लिहिलेलं वाचलं नाही असं समज, हे अधिकाऱ्याला सांगणं म्हणजे काय, हे मला समजतं. तू ज्याच्यावरून माझ्याशी बोलणं सोडलंस, तेच. फरक इतकाच की मागच्या वेळी मला फार उत्साह होता. या वेळी नाही. थकलोय. एका बाजूला खरं आहे, दुसऱ्या बाजूला दोर टाकलेला माणूस आहे, आणि दोघांच्या मधे तू आहेस, तुला आधी न विचारता. ही माझी जुनी पद्धत.

सल्ला देत नाही. कळवतो आहे फक्त.

गिरीश


दोहा, शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

विभावरी,

या महिन्यात आमच्या मजल्यावरची निम्मी टेबलं रिकामी झाली. प्रकल्प संपला. कागद आहेत तोवर मी आहे, आणि कागद संपत आलेत. मालक भेटले की म्हणतात, इन्शाल्ला पुढचं काम येईल. इतक्या वर्षांत मी एवढं शिकलोय की इन्शाल्ला किती सेकंदांत म्हटलं जातं त्यावर सगळं अवलंबून असतं. हल्ली फार लवकर म्हणतात.

असो. तक्रार इकडची नाही, तुझी आहे. तू माझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाहीस. त्याऐवजी तू काय केलंस ते मला मेंढपाळाकडून ऐकावं लागतं. त्याला हौसाबाईंनी सांगितलं, त्याने मला. श्रुतीची परंपरा अशीच चालते म्हणून तक्रार मागे घेतो.

जालिंदर म्हणतो, “बाई चालत आल्या. संग एकच मानूस, त्यो बी मागं राहिला.” हौसाबाईंना वाटलं, आता विजूभाऊला बोलावणार. तिने आधीच सांगून टाकलं, आमाला कुनाचं नाव घ्यायचं न्हाय. तर तू म्हणालीस म्हणे: “कुणाच्या रानात बसला होता ते मी विचारलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. मेंढरं गेली ती नदीत. नदी कुणाच्या सातबाऱ्यावर नाही.”

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. पाठशाळेतल्या एकाही गुरुजींना ते सुचलं नसतं. त्यांना नदीत उतरण्याचा सराव नव्हता.

आणि मग तू काठाने चालत गेलीस. हौसाबाई तुझ्यामागे. पाणी ओसरल्यावर काठच्या बाभळींना जे अडकून राहिलं ते बघत. कुठे चिंधी, कुठे कडबा. पुढे काट्यांना लोकर: काळी, जाड, आपल्याकडची. उंचावर, माणसाच्या डोक्याच्याही वर. तू फांद्या वाकवून ती पिशवीत भरलीस, हात सोलवटले तरी. एका झुडपात सांगाडा होता, कातडं वाळलेलं. हौसाबाईंनी कान उचलून बघितला. त्यांच्या घरची खूण, कानाच्या टोकाला दिलेला छेद. ती तिथेच खाली बसली. तूही बसलीस. “लई येळ बसल्या बाई,” जालिंदर म्हणाला. “सरकारी मानूस तितका येळ बसत न्हाय.”

तुझा नवा शेराही माझ्यापर्यंत पोचला आहे. ‘पूर्वीचा अभिप्राय व त्यावरील माझी प्रतिस्वाक्षरी चुकीची होती. छायाचित्रातील मेंढ्या स्थानिक जातीच्या नाहीत, शेपट्या पाहाव्यात. स्थानिक जातीची लोकर व खूण असलेला कान नदीकाठी आढळला. मदत देय आहे.’

स्वतःची सही चुकीची होती, असं सरकारी कागदावर लिहिणारा माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. माझ्या खणातून रोज सह्या जातात. लोक दिनांक बदलतात, पान बदलतात, दोष झेरॉक्सवाल्याला देतात. वरच्या साहेबांनी यावर तुला काय ऐकवलं असेल ते मी विचारत नाही. ‘शेपट्या पाहाव्यात’ हे मात्र माझ्या पत्रातलं आहे, याची नोंद व्हावी.

टोळी सोमवारी निघते. मुकादमाला हौसाबाईंनी अजून हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही.

जालिंदर जाता जाता म्हणाला, बाईंना खोकला लई हाय आन् पायात पुरुषांचे गमबूट व्हते, मापाचे नव्हते. धुळीचा खोकला असेल. हळद-दूध घेत जा. तुला कधी आवडलं नाही, माहीत आहे.

गिरीश


दोहा, शुक्रवार, १९ डिसेंबर २०२५

विभा,

काल इथला राष्ट्रीय दिन झाला. गाड्यांना झेंडे, रस्त्यांवर भोंगे. आज सगळं शांत, म्हणून सकाळीच इज्ब्यावर गेलो. हवा छान झाली आहे. नाशिकला पौषात असते तशी.

मी दिसताच जालिंदरने मला टाकीकडे ओढत नेलं. मदत जमा झाली. हौसाबाईंनी टोळीच्या गाडीला पाठ दाखवली, आणि बाजारातून मेंढ्या आणल्या. फार नाहीत. पण त्यातली एक गाभण निघाली आणि परवा व्याली. फोनवर कोकरू दाखवत होते: ओलं, पाय वेडेवाकडे, पोरीच्या फ्रॉकमधे गुंडाळलेलं. पलीकडे विजयकुमारही उभा होता. त्याने हात केला. मीही केला. आमची ओळख नाही आणि होऊही नये. त्याच्या अर्जाचं काय झालं, मी विचारलं नाही.

इकडे अबू नासेरांच्या मेंढ्या नेहमीप्रमाणे पाण्यावर आल्या. हौसाबाई तिकडून ओरडल्या, “अवो, त्यास्नी बाजूला करा, न्हाय तर पुन्यांदा पथक यील.” जालिंदर हसला. सप्टेंबरनंतर मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. अबू नासेरांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, कोकरू झालं. ते म्हणाले, “माशाल्ला. तुम्हारा सिस्टर अच्छा काम किया. टेलिफोन किया था ना?” मी हो म्हटलं. एवढं खोटं मी त्या तंबूत नेहमी बोलतो.

इथवर पत्र संपायला हरकत नव्हती. मी ते तसंच संपवणारही होतो. शेवटी राखीवर काहीतरी टोमणा मारायचा, पूर्ण शिक्क्याची मागणी करायची, झालं. पण आज आणखी एक गोष्ट कळली आणि तिच्यावर मला विनोद करता येत नाहीये. सकाळपासून प्रयत्न करतोय.

हौसाबाई मला म्हणाल्या, “तुमच्या बाईंना आमी दूध धाडतो रोज. गुरांच्या दवाखान्यात.” मी म्हटलं, दवाखान्यात कशाला, घरी का नाही? त्यांनी फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाल्या, “तुमाला ठाव न्हाय व्हय? त्यांचं क्वार्टर बी पान्यात गेलं की. छातीइतकं पानी व्हतं. अजून कुबट वास येतो. बाई औषधाच्या खोलीत टेबलावर निजत्यात. तवापासनं.”

तवापासनं. म्हणजे मी तुला शेपट्या बघायला सांगत होतो, तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून. तू सगळ्या तालुक्याची घरं बघत फिरलीस, कुणाचं किती गेलं ते लिहून घेतलंस, आणि संध्याकाळी औषधांच्या खोलीत जाऊन टेबलावर झोपलीस. ते गमबूट कुणाचे होते? आईचा तो मोठा पितळी डबा होता ना तुझ्याकडे, तो राहिला का? तुझ्या घराचा पंचनामा कुणी केला?

तू सांगितलं नाहीस म्हणून मी रागावलेलो नाही. तू कुणाला सांगणार होतीस? मी तुझ्या फोनमधे नाही. शेजारच्यांना माझं नाव माहीत नाही. कार्यालयात तुझ्या कागदांवर नातेवाईक म्हणून कुणाचं नाव आहे, मला ठाऊक नाही. माझं नसणार. चार वर्षं मी म्हणत आलो, ओसरेल राग, विभाच ती. तेवढ्यात तुझ्या घरात पाणी आलं, गेलं आणि भिंती वाळायलाही लागल्या.

मी कुणालाही फोन करणार नाही. तुझी बदली मागणार नाही, क्वार्टर मागणार नाही. तू परवानगी दिलीस तर येईन. कंपनीचं काम संपत आलंय, यायला अडचण नाही. नाही म्हणालीस तरी चालेल, पण म्हण.

मला कशाची काळजी वाटते ते सरळ लिहितो. तुला काही झालं, तर ते मला कळवणारं कुणी नाही. मला ते कधीतरी शुक्रवारी जालिंदरकडून कळेल, टाकीपाशी, त्या दिवशी रेंज असली तर. आज परत येताना गाडीत मी दुसरा विचार केला नाही.

दादा